मामाच्या कानावर पडलेली शिवी

पत्र

सप्रेम नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. माझा मुलगा सतरा वर्षांचा असून बारावी विज्ञान शाखेत शिकतो आणि एका तालमीच्या लहान गटाच्या संघातून फुटबॉल खेळतो. त्याच्या अभ्यासाबद्दल किंवा घरातल्या वागण्याबद्दल तक्रार नाही. परंतु मित्रांशी फोनवर बोलताना, मोबाइलवर गेम खेळताना आणि सामना पाहताना त्याच्या तोंडी ‘गे’, ‘छक्का’, ‘बायल्या’ हे शब्द सतत असतात. पास चुकवणारा छक्का, गुलाबी टी-शर्ट घालणारा गे, डोळ्यांत पाणी आले तो बायल्या.

माझा धाकटा भाऊ १९९१ सालचा. तो पुण्यात नोकरी करतो. आपण समलिंगी आहोत, हे त्याने दोन वर्षांपूर्वी मला एकटीला सांगितले. माझ्या यजमानांना, आईला आणि मुलाला यातले काही ठाऊक नाही. यंदा गौरी-गणपतीला तो आमच्याकडे आला होता. आरास करायला मुलाचे मित्र जमले होते. त्यांतल्या एकाने फुलांच्या माळा फार नेटक्या ओवल्या, तेव्हा माझा मुलगा सर्वांसमोर म्हणाला, “मामा, बघा की, पक्का गे हाय ह्यो!” सगळे हसले, भाऊही हसला; आणि दुसऱ्या दिवशी गौरीचे जेवण होण्याआधीच कामाचे निमित्त सांगून पुण्याला निघून गेला. तेव्हापासून तो फोनवर जेवढ्यास तेवढे बोलतो.

यजमान म्हणतात, “कोल्हापुरात शिवीशिवाय बोलणं म्हणजे मिठाशिवाय पांढरा रस्सा. पोरं मायेनंच बोलत्यात, तू उगीच मनाला लावून घेतीस.” मी खरोखरच राईचा पर्वत करते आहे का? मुलाला मामाबद्दल खरे काय ते सांगितले, तर त्याला एका क्षणात समजेल असे मला वाटते. सांगू का? भाऊबीजेला भाऊ येईल की नाही, या विचाराने झोप लागत नाही.

– एक बहीण आणि आई

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या गोष्टींत थोडे इकडेतिकडे झाले तरी पुढे सावरता येते. या एका बाबतीत मात्र तोंडातून गेलेला शब्द परत घेता येणार नाही. मुलाला मामाविषयी सांगू नका. आपला हेतू चांगला आहे, आणि मामावर जीव असलेला मुलगा ते ऐकून खजील होईल, हेही खरे असेल. परंतु भावाने जे सांगितले ते आपल्या एकटीवर विश्वास टाकून सांगितले आहे, आणि ते आणखी कुणाला, केव्हा, कोणत्या शब्दांत सांगायचे, की कधीच सांगायचे नाही, हे ठरवण्याचा अधिकार केवळ त्याचा आहे. वयाची तिशी उलटेपर्यंत त्याने ही गोष्ट सख्ख्या बहिणीपासूनही राखून ठेवली, ती काही विचार करूनच. तीच गोष्ट त्याच्या पाठीमागे मुलाला वळण लावण्याच्या कामी वापरली गेली, तर यापुढे आपल्या घरात पाऊल ठेवताना कुणाला काय कळले आहे याचा अंदाज घेत घेतच त्याला वावरावे लागेल. मुलाच्या बाजूनेही हे बरोबर नाही. आजीला कळता कामा नये, बाबांना कळता कामा नये, मित्रांत तर नावही काढायचे नाही, अशा अटी घालून एखादे गुपित त्याच्या हाती देणे म्हणजे ज्या वयात स्वतःच्या मनातलेही धड सांगता येत नाही, त्या वयात दुसऱ्याच्या आयुष्याची राखण करायला लावणे आहे.

याहून महत्त्वाचे कारण पुढे आहे. मामाचे नाव घेऊन समज दिली, तर मुलगा एवढेच शिकेल की मामासमोर असे बोलायचे नाही. घरात तो शब्द गिळेल आणि मैदानावर गेल्यावर पुन्हा उच्चारेल, कारण तिथे मामा नाही. आपल्या रक्ताचे माणूस दुखावले म्हणून शब्द सोडणे ही चांगली गोष्ट आहे, पण ती पुरेशी नाही. घरात, नात्यात, ओळखीत समलिंगी असे कुणीच नसते, तरीही हा शब्द त्याने सोडायला हवा होता, असे मला वाटते. माळा ओवणारा तो मुलगा कुणाचा भाचा नव्हता आणि कुणाचा मामाही नव्हता. हसणे मात्र त्याच्यावरच झाले.

आपण राईचा पर्वत करत नाही. भावाच्या मनात त्या वेळी नेमके काय आले, हे त्यानेच सांगायचे आहे आणि त्याच्या वतीने मी काही गृहीत धरणार नाही. कदाचित त्याला खरेच काम आले असेल. परंतु समलिंगी स्त्री-पुरुष आपल्या वाढत्या वयाविषयी बोलतात तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते, आणि ती अशी की त्यांना सर्वांत खोल लागलेले शब्द बहुतेक वेळा त्यांना उद्देशून उच्चारलेलेच नव्हते. ते वर्गातल्या दुसऱ्याच मुलाला म्हटलेले असतात, मास्तरांनी कवायतीत ढिलाई करणाऱ्याला म्हटलेले असतात, लग्नाच्या पंगतीत काकांनी कुठल्याशा नटाबद्दल म्हटलेले असतात. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याविषयी काहीच ठाऊक नसते, म्हणून तो मोकळेपणाने बोलतो. आणि तो मोकळेपणाने बोलतो, म्हणूनच ऐकणाऱ्याला कळून चुकते की आपल्याविषयी कळले, तर ही माणसे काय बोलतील. तोंडावर अपमान झाला तर निदान भांडता येते. इथे भांडायचे म्हटले तर “तुला का एवढं लागलं?” हा प्रश्न येतो आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची त्याची तयारी नसते. त्यामुळे तो सर्वांबरोबर हसतो. न हसणाऱ्याकडे लोकांचे लक्ष जाते, हे त्याला लहानपणापासून पाठ झालेले असते. आपला भाऊ हसला यावरून त्याला काही वाटले नाही असा निष्कर्ष आपल्या यजमानांनी काढला असेल, तर तो त्यांनी पुन्हा एकदा तपासून पाहावा.

त्या दिवशी हसण्याजोगे घडले तरी काय होते? एका मुलाने माळा चांगल्या ओवल्या. अंबाबाईच्या देवळाच्या आसपास आणि महाद्वार रोडवर हार-गजरे ओवत बसणारे कितीतरी पुरुष आपण रोज पाहतो आणि त्यांच्याविषयी असा विचार कुणाच्या मनात येत नाही, कारण ते त्यांचे पोट भरण्याचे काम आहे. तेच काम एका कॉलेजच्या मुलाने आवडीने केले, तर त्याच्या पुरुषपणाची चौकशी सुरू होते. पुढच्या वर्षी तो मुलगा माळा ओवायला बसणार नाही. आपल्या मुलालाही एखादी तशी गोष्ट करावीशी वाटली तर तो ती करणार नाही, कारण तो शब्द आपल्यावर उलटेल हे त्याच्याइतके चांगले कुणाला ठाऊक असणार? ही शिवी समलिंगी माणसाला खाली ढकलते, आणि जे समलिंगी नाहीत त्या मुलांनाही कसे चालावे, कसे बोलावे, केव्हा रडावे याच्या धाकात ठेवते. या वयाच्या मुलांची मैत्री पुष्कळदा याच धाकावर चाललेली असते आणि मोठी माणसे तिला रांगडेपणा म्हणून कौतुकाने पाहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यजमानांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. आपल्या भागात शिवी नेहमी रागाने दिली जात नाही. वर्षानुवर्षांचा मित्र रंकाळ्यावर भेटला की ‘सुक्काळीच्या, हुतास कुठं?’ अशीच विचारपूस होते आणि त्यात अंतर पडल्याची नाही, जवळीक टिकल्याचीच खूण असते. (अशा कितीतरी हाकांचा भार कुणाच्या तरी आईवर पडतो, हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावरही कधीतरी लिहायला हवे.) परंतु मायेच्या शिवीची एक अट असते. ती देणारा आणि घेणारा, दोघांनाही ती खोटी आहे हे ठाऊक असते आणि तिच्यासाठी तिसऱ्या कुणाला खर्ची घालावे लागत नाही. ‘छक्का’ किंवा ‘गे’ या शिव्यांत ही अट पाळली जात नाही. मित्र तसा नाही हे दोघांना ठाऊक असते, म्हणून ते दोघे हसतात. पण जी माणसे खरोखर तशी आहेत, त्यांच्यासारखे असणे लाजिरवाणे आहे हे दोघांनी मान्य केल्याशिवाय तो विनोद होतच नाही. माया त्या दोघांत राहते आणि किंमत तिसरा मोजतो.

‘छक्का’ या शब्दाबाबत तर कोल्हापूरकरांना अधिक विचार करायला हवा. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्यांत आपल्या जिल्ह्यातले भाविक मोठ्या संख्येने असतात. ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला सारे शहर लोटते. डोक्यावर देवीचा जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) घेतलेल्या, साडी नेसलेल्या जोगत्यासमोर, म्हणजे देवीला वाहिलेल्या पुरुषासमोर, आपण वाकतो, त्याच्या हातचा भंडारा कपाळाला लावतो, आणि तेच माणूस दुसऱ्या दिवशी सिग्नलवर दिसले की त्याच्यासाठी आपल्याकडे हाच एक शब्द असतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ मध्ये त्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला, आणि त्यात शाब्दिक छळाचाही समावेश अपराधांमध्ये करण्यात आला. येथे एक फरकही ध्यानात घ्यावा, कारण मुलांच्या बोलण्यात सगळ्याचे एकच गाठोडे झालेले असते: कुणाविषयी ओढ वाटते, हा लैंगिक कल, स्वतः कोण आहोत असे आतून वाटते, ती लिंगओळख. समलिंगी पुरुष हा पुरुषच असतो, तो चालण्या-बोलण्यात कसाही असू शकतो, आणि नाजूक बोलणारा मुलगा समलिंगी असतो असेही नाही.

“आमच्याकडे असंच बोलतात” हा युक्तिवाद कोल्हापूरला शोभणारा नाही, असेही मी यजमानांना आदरपूर्वक सांगेन. जातींची नावे शिव्या म्हणून सहज वापरली जात होती, तो काळ फार जुना नाही. त्या वेळीही बोलणाऱ्यांचा मनात वाईट हेतू नसल्याचाच दावा असे. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याने चारचौघांत जातिवाचक अपमान करणे हा गुन्हा ठरवला हे खरे, पण कायद्याच्याही आधी या शहरात शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे चहा घेतला. त्यांच्यासोबतच्या मानकऱ्यांनाही तो घ्यावा लागला. दोन्ही प्रश्न सर्व बाजूंनी सारखे आहेत असे मी म्हणत नाही, कारण जातीच्या अन्यायाचा पसारा वेगळा आहे. सांगायचे इतकेच की लोकांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट या गावात आधीही बदलली आहे, ती बदलताना कुणाची बोली गेली नाही आणि कुणाचा रांगडेपणाही कमी झाला नाही.

आता मुलाशी बोलण्याविषयी. मित्रांसमोर बोलू नका, जेवणाच्या ताटावर बोलू नका आणि फोन काढून घेण्याची धमकी देऊन तर मुळीच बोलू नका. धमकी दिली की विषय फोनचा होतो. सरावाहून परतताना, गाडीवर किंवा पायी, दोघेच असाल तेव्हा बोला. समोरासमोर बसवून बोलण्यापेक्षा शेजारी शेजारी चालताना या वयाची मुले अधिक ऐकतात. सुरुवात प्रश्नाने करा आणि उत्तर येईपर्यंत थांबा: “त्या दिवशी माळा ओवताना तू त्याला गे म्हणालास, म्हणजे काय म्हणालास?” बहुधा तो “काय नाय गं, असंच” म्हणेल. त्यावर भाषण नको. “असंच नव्हतं. तो काहीतरी चांगलं करत होता आणि तू त्याला खाली पाडलंस. आणि जे लोक खरंच गे असतात, त्यांच्यासारखं असणं घाण आहे, असंही तू सगळ्यांसमोर सांगितलंस. तुला खरंच तसं वाटतं का?” एवढे पुरे. शेवटचा प्रश्न खराखुरा विचारा, म्हणजे त्याचे प्रामाणिक उत्तर ऐकण्याची तयारी ठेवून विचारा. त्याच्या मनात गैरसमज असतील तर ते याच वेळी बाहेर येतील.

त्या गैरसमजांना उत्तर देताना भावनेपेक्षा माहिती अधिक कामाला येते आणि विज्ञान शाखेचा मुलगा ती ऐकेल. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. भारतातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, २०१८ मध्ये हा आजार नसल्याचे जाहीरपणे सांगितले, आणि लैंगिक कल ‘बदलून देण्याचे’ उपचार करणे हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. कायद्याचा प्रवास त्याला सांगताना आपल्या स्वतःच्या मनात मात्र भावाचे वय धरून ठेवा, म्हणजे तारखांचा अर्थ उमगेल. इंग्रजांनी १८६० मध्ये आणलेल्या भारतीय दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमानुसार समलिंगी संबंध गुन्हा होते. भाऊ अठराच्या घरात असताना, जुलै २००९ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून मोकळे केले. तो बाविशीत असताना, डिसेंबर २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि तो पुन्हा कायद्याच्या नजरेत गुन्हेगार ठरू शकणारा माणूस झाला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ते बंधन काढून टाकले, तेव्हा तो सत्ताविशीत होता. त्या निकालपत्रात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिले की या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने क्षमा मागायला हवी. कुटुंबीयांची, हे त्यांनी आवर्जून लिहिले, आणि त्या कुटुंबीयांत आपणही आहात.

फुटबॉलच्या भाषेत त्याला अधिक लवकर कळेल. मे २०२२ मध्ये इंग्लंडमधील ब्लॅकपूल क्लबच्या जेक डॅनियल्स या खेळाडूने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले, तेव्हा तो बरोबर सतरा वर्षांचा होता. त्याच्याआधी ब्रिटनमध्ये खेळत असताना असे उघडपणे सांगणारा व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटू म्हणजे १९९० मधला जस्टिन फॅशानू. मधली बत्तीस वर्षे तिथल्या एकाही पुरुष व्यावसायिकाला खेळत असताना हे सांगावेसे का वाटले नसेल, हा प्रश्न मुलाला विचारा. गॅलरीतून काय ओरडले जाते हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मेक्सिकोचे उदाहरणही त्याला द्या. तिथे प्रतिस्पर्धी गोलरक्षक गोल किक मारू लागला की प्रेक्षक एकसुरात समलिंगींना हिणवणारी शिवी देत. ही आमच्या मैदानाची जुनी रीत आहे, यात कुणाचा अपमान नाही, असेच त्यांचे म्हणणे होते. फिफाने वारंवार दंड करूनही ते थांबले नाही, तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये मेक्सिकोच्या संघाला जमैकाविरुद्धचा विश्वचषक पात्रतेचा सामना रिकाम्या स्टेडियममध्ये खेळावा लागला. शाहू स्टेडियमवर तालमींचा सामना प्रेक्षकांविना होण्याची कल्पना आपला मुलगा करू शकेल आणि तेवढ्यावरूनच जगाने ही गोष्ट किती गंभीरपणे घेतली, ते त्याच्या ध्यानात येईल.

तो म्हणेल, “आई, सगळेच म्हणत्यात. मी एकट्यानं नाय म्हटलं तर मलाच म्हणतील.” त्याची ही भीती खोटी नाही. म्हणून त्याच्याकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नका. साऱ्या संघाला त्याने उपदेश करावा असे सांगितले, तर तो काहीच करणार नाही. त्याने स्वतः म्हणायचे नाही आणि दुसऱ्याने म्हटले तर हसायचे नाही, एवढे दोनच मागा. पुढे धीर आला तर “पास चुकला म्हण की लेका, गे कशाला म्हणतोस” एवढे एक वाक्य त्याच्याच बोलीत तो बोलू शकतो. सवय लगेच सुटणार नाही. गेमच्या भरात तोंडातून निघून जाईल. अशा वेळी त्याच्या खोलीच्या दारातून नुसती नावाने हाक मारा, प्रत्येक वेळी तेच प्रवचन नको. आणि माळा ओवणाऱ्या त्या मित्राला त्याने एकदा, एकट्याने गाठून, “त्या दिवशी उगीच बोललो” म्हणावे असे सुचवा. तो मित्र ‘तसा’ आहे की काय, याची चर्चा मात्र घरात कुणी करू नये, आपणही करू नये.

पुढच्या वर्षी तो कॉलेजच्या वसतिगृहात जाण्याची शक्यता असेल, तर आणखी एक व्यावहारिक बाब त्याच्या कानावर घाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती करून लैंगिक कलावरून एखाद्याला छळणे, हिणवणे, वेगळे पाडणे यांचाही रॅगिंगमध्ये समावेश केला आहे. भीती घालण्यासाठी हे सांगायचे नाही. पण जी गोष्ट घरात ‘गंमत’ म्हणून खपून जाते तिला बाहेर काय म्हणतात, हे त्याला ठाऊक असलेले बरे.

यजमानांशी वाद घालून जिंकण्याचा प्रयत्न करू नका, कारण घरातल्या वादात हरलेला माणूस आपले मत अधिक घट्ट धरून बसतो. त्यांना एक उदाहरण सांगता येईल. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यापुढे २०२१ मध्ये दोन समलिंगी तरुणींचे प्रकरण आले, तेव्हा आपल्यालाही या विषयाची पुरेशी समज नाही आणि मनात पूर्वग्रह आहेत, हे त्यांनी खुलेपणाने मान्य केले, निकाल देण्यापूर्वी मानसशास्त्रज्ञासमोर बसून विषय समजून घेतला, आणि तसे आदेशातही लिहिले. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना त्यात कमीपणा वाटला नाही. यजमानांना हे पटले नाही, तरी मुलाने तो शब्द उच्चारला की निदान हसू नका, एवढी विनंती त्यांच्याकडे जरूर करा. वडील हसले की आईचे सांगणे तिथेच संपते.

मुलाशी बोलण्याच्या आधी मात्र भावाला फोन करा, आणि भाऊबीजेचे आमंत्रण देण्यासाठी करू नका. आमंत्रण त्यानंतर, वेगळे द्या. गणपतीत जे घडले ते मी ऐकले, ते मला खटकले, आणि त्या वेळी मी गप्प राहिले, एवढे त्याला स्पष्ट सांगा. “तो लहान आहे रे”, “त्याच्या मनात तसं काही नव्हतं” अशी मुलाची बाजू त्याच श्वासात मांडू नका. मांडली तर समजून घेण्याची जबाबदारी पुन्हा त्याच्याच अंगावर पडेल, आणि ती त्याने आजवर पुष्कळ पेलली आहे. मुलाशी आपण या शब्दांविषयी बोलणार आहोत आणि त्यात त्याचे नाव येणार नाही, हेही सांगा. तो गप्प राहिला तर राहू द्या. त्याला आपल्यासारख्या माणसांत बोलावेसे वाटत असेल, तर मुंबईची हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ पासून हेच काम करते. मन फारच खचले असेल तर शासनाची टेली मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. आईने त्याच्या लग्नाचा विषय लावून धरला असेल, तर तो भाऊबीजेच्या दिवशी निघणार नाही एवढी काळजीही आपण बहीण म्हणून घेऊ शकता.

त्याच फोनवर एक गोष्ट दोघांनी ठरवून ठेवावी लागेल. सतरा वर्षांचा मुलगा हुशार असतो. आई अचानक या विषयावर का बोलते आहे, मामा गौरीचे जेवण न घेता का गेला, हे जोडून तो एखाद्या रात्री सरळ विचारू शकतो: “आई, मामा गे हाय का?” खोटे बोलून “छे, काहीतरीच काय” म्हणालात, तर पुढे कधी खरे कळल्यावर आपल्यालाही ते लाजिरवाणे वाटत होते, असा अर्थ तो काढेल, आणि हो म्हणालात, तर भावाचा विश्वास मोडेल. “कुणाहीबद्दल असा प्रश्न मला विचारायचा नाही. ज्याला सांगायचं असतं तो स्वतः सांगतो, आणि ज्याला सांगावंसं वाटत नाही त्याला विचारायचं नसतं”, हे उत्तर मला सुचते. ते शांतपणे, नजर न चुकवता द्यावे लागेल, म्हणून त्याची मनाशी तयारी करून ठेवा. भावाला याहून वेगळे उत्तर हवे असेल, तर तो जे शब्द देईल तेच वापरा. त्याला भाच्याशी स्वतःच बोलायचे असेल, तर त्या दोघांना एकटे सोडा आणि परत आल्यावर काय बोलणे झाले, हे दोघांपैकी कुणालाही विचारू नका.